आयर्विनला किती?

पावसाळ्यात सांगलीत दोन ओळखीचे भेटले की तब्येतीची चौकशी मागे पडते. "आयर्विनला किती?" हा पहिला प्रश्न. उत्तर एका आकड्याचं, "अडतीस." मग "कोयनेतनं किती सोडलंय?" आणि त्यानंतर, आवाज जरा चढवून, "आलमट्टीतनं सोडतायत का नाही?" १९२९ साली कृष्णेवर उभा राहिलेला आणि तेव्हाच्या व्हाइसरॉयचं नाव मिळालेला आयर्विन पूल माणसं-गाड्या पलीकडे न्यायला बांधला, पावसाळ्यात मात्र गावाला तो त्याच्यावरच्या पाणी मोजायच्या पट्टीसाठी लागतो. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ फूट म्हणजे धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा या दोन्ही पातळ्या केव्हाच पाण्याखाली होत्या.

माझं बालपण सांगलीचं, संसार साताऱ्याचा. म्हणजे मी नदीच्या वरच्या अंगाला आणि माझी माणसं खालच्या अंगाला. साताऱ्यात आम्ही पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतो आणि कोयना, नवजा, महाबळेश्वर ही तीन नावं रोज सकाळी एका दमात घेतो. सांगलीत इनामदार प्लॉटात आत्याचं घर आहे. तिचा फोन येतो तो याच तीन नावांसाठी. "तुमच्याकडं किती पडलाय? खरं सांग." जणू पाऊस मीच पाडतो आणि वर आकडाही लपवतो.

या विचारपुशीसाठी मी एक लहानसा एपीआय सर्व्हर चालवतो. पोट भरायचं काम पुण्याच्या एका कंपनीसाठी घरबसल्या करतो, तेही सर्व्हरचंच. पण तिथले सर्व्हर मला कधी नीट दिसत नाहीत. ते शेकड्यांनी असतात, आपोआप उठतात, आपोआप मरतात. हा एक मात्र मी स्वतःच्या हातानं, काळ्या खिडकीत एक ओळ टंकून सुरू करतो. आणि ती एक ओळ लिहिताना जे प्रश्न समोर येतात, ते मला शेकडो सर्व्हरांच्या गर्दीत कधी पडले नव्हते.

एपीआय सर्व्हर म्हणजे पडदा नसलेला, बटणं नसलेला, रंगरंगोटी नसलेला प्रोग्राम. तो एका जागी बसून राहतो. ठरलेल्या रूपात प्रश्न आला की ठरलेल्या रूपात उत्तर देतो आणि पुन्हा गप्प. विचारणाराही बहुतेक वेळा प्रोग्रामच असतो. भाजीवाल्याला यूपीआयनं चाळीस रुपये पाठवताना असे बरेच सर्व्हर एकमेकांना विचारून घेतात आणि आपल्याला फक्त हिरवी खूण दिसते. माझ्या सर्व्हरला विचारण्यासारखं फार नाही. पुलाजवळची पातळी, ती कधी वाचली, पाणी चढतंय की उतरतंय, आणि कोयनेतून किती क्युसेक सुटतंय. जलसंपदा विभागाचे आकडे सकाळ-संध्याकाळ हातोहात फिरत येतातच. मधल्या तासांत पुलाजवळ राहणारा माझा एक शाळासोबती पट्टी बघून आकडा भरतो. त्याला या कामाचे पैसे मिळत नाहीत. तो म्हणतो, "नाहीतरी मी बघायला जातोच की."

आता ती ओळ. प्रोग्राम पायथनमध्ये आहे, फास्टएपीआय वापरून लिहिलेला, आणि त्याला उभं करणाऱ्याचं नाव युव्हिकॉर्न. खिडकीत युव्हिकॉर्न असं टंकायचं, पुढे फाइलचं नाव, विसर्गासारखे दोन ठिपके, आणि फाइलीतल्या अॅपचं नाव. एंटर दाबलं की काही ओळी सरकतात आणि संदेश येतो: मी १२७.०.०.१ या पत्त्यावर, ८००० क्रमांकाच्या पोर्टवर चालू आहे; थांबवायचं तर कंट्रोल-सी दाबा. झालं. सर्व्हर सुरू. त्याच संगणकावरच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की उत्तरही येतं. सांगलीतून कुणी विचारलं तर मात्र काहीच येत नाही.

याचं कारण त्या पत्त्यात आहे. १२७.०.०.१ हा जगातल्या प्रत्येक संगणकाचा स्वतःशीच बोलण्याचा पत्ता. त्यावर बसलेला सर्व्हर फक्त आपल्याच यंत्रातल्यांचं ऐकतो. गंमत अशी, की १२७ नं सुरू होणारे सगळे पत्ते, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या वर, याच स्वगतासाठी राखून ठेवलेले आहेत. इंटरनेटवर चार आकड्यांचे पत्ते संपत आले म्हणून जग हळहळतं आणि इकडे एवढा मोठा साठा एकट्यानं बोलण्यासाठी पडून! बाहेरच्यांचं ऐकायचं असेल तर ओळीत पुढे दोन आडव्या रेघा देऊन होस्ट असं लिहायचं आणि त्यापुढे ०.०.०.०. अर्थ असा, की या यंत्राला जितके दरवाजे आहेत त्या सगळ्यांवर कान दे.

नवशिक्यांना हे मुळातच बंद असलेलं दार फार छळतं. पण मला ते योग्य वाटतं. सर्व्हर लिहिणाऱ्याला तो कुठे उभा राहणार हे माहीत नसतं. घरात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, की भर बाजारात? माहीत नसताना दार उघडं ठेवणं हा उदारपणा नव्हे. कुणाचं ऐकायचं हे सुरू करणाऱ्यानं स्वतः, तोंडानं सांगावं, एवढीच त्याची अपेक्षा आहे.

अर्थात ०.०.०.० लिहूनही साताऱ्याच्या घरातला संगणक सांगलीला सापडेलच असं नाही. बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतःचा असा जाहीर पत्ता मिळत नाही. एकाच पत्त्यामागे कितीतरी घरं असतात. म्हणून मुंबईतल्या एका डेटा सेंटरमधलं छोटं यंत्र मी महिन्याच्या भाड्यानं घेतलं. परिणामी कोयनेच्या विसर्गाचा आकडा सांगलीला जायला आधी मुंबईला जातो. कोयनेचं पाणी निदान वाट तरी सरळ धरतं! महाबळेश्वरहून दक्षिणेला, हेळवाकला पूर्वेकडे वळण, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत, आणि तिथून खाली सांगली.

सरळ म्हटलं खरं, पण कोयनेचं सगळं पाणी इकडे येत नाही. धरणात १०५.२५ टीएमसी मावतं, आणि त्यातलं पुष्कळसं बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरतं, १९६० मेगावॅटचा प्रकल्प चालवतं आणि चिपळूणच्या बाजूला जातं. पूर्वेकडे येतं ते पायथा वीजगृहातून, दोन्ही जनित्रं चालू असतील तर २१०० क्युसेक; आणि धरण भरत आलं की सहा वक्र दरवाजे उचलले जातात. आत्याचं यावर जुनं मत आहे: "वीज जास्त करा म्हणावं. तिकडनं जाऊ दे की सगळं." २०२१ च्या जुलैत चिपळूणही बुडालं आणि सांगलीही, तेव्हापासून ती हे जरा हळू आवाजात म्हणते.

पोर्टबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एका पत्त्यावर ६५ हजारांहून जास्त पोर्ट असतात, १०२४ च्या खालचे परंपरेनं यंत्राच्या मालकासाठी राखीव. आधीची प्रत अजून बसलेली असताना दुसरी सुरू केली तर "हा पत्ता आधीच वापरात आहे" एवढं सांगून नवी प्रत निघून जाते. जुनी शोधून बंद करायची, की झालं.

खरी गोष्ट यापुढे सुरू होते. सर्व्हर नुसता सुरू करून भागत नाही, त्याला त्या जागेचं काही सांगावं लागतं. आकडे कुठल्या फाइलीत ठेवायचे, भरणाऱ्याची किल्ली कुठली, घड्याळ कुठलं. हे सगळं प्रोग्रामच्या आत लिहिता येतं, पण मग जागा बदलली की प्रोग्राम बदलावा लागतो. आणि किल्ली आत लिहिली तर प्रोग्राम ज्याच्या हाती गेला त्याच्या हाती किल्लीही गेली. म्हणून ते बाहेर ठेवतात. कुणी सेटिंगच्या फाइलीत ठेवतं, कुणी एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये, कुणी थेट कमांडच्या ओळीत. तिन्हीकडे वेगवेगळं लिहिलेलं असेल तर कुणाचं खरं मानायचं, याची एक उतरंड बहुतेक ठिकाणी पाळली जाते. सगळ्यात खाली प्रोग्राम लिहिणाऱ्यानं गृहीत धरलेलं, ज्याला आपण डिफॉल्ट म्हणतो. त्यावर फाइल. फाइलीवर एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल. आणि सगळ्यांच्या वर, सुरू करताना ओळीत टंकलेलं. ज्यानं जागा कधी पाहिलीच नाही त्याचं म्हणणं तळाला आणि आत्ता, इथे उभं राहून जो सांगतोय त्याचं माथ्यावर. ही उतरंड कुणी ठरवली ते विचारू नका, पण ठरवणारा माणूस पूर बघितलेला असावा असं मला उगीच वाटतं.

कारण सांगलीत ४५ फूट हे असंच एक डिफॉल्ट आहे. शहरासाठी म्हणून ते ठीक, प्रशासनाला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, दत्तनगर, काकानगर, मगरमच्छ कॉलनी इथल्या माणसांना विचारा. इशारा पातळी गाठण्याआधीच यांतल्या कितीतरी घरांत पाणी आलेलं असतं. उलट विश्रामबागेकडच्या माणसाला ४५ हा पेपरातला आकडा. जुन्या सांगलीकराला आपल्या घराचे फूट पाठ असतात. कितीला गल्लीच्या तोंडाशी येतं, कितीला पायरीला लागतं, कितीला फ्रिज उचलायचा, कितीला म्हातारीला मिरजेला हलवायचं. आत्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत २००५ ची रेघ खिळ्यानं ओढलेली आहे आणि २०१९ ची तिच्या बरीच वर, माळ्याच्या फळीजवळ. मधे रंग दोनदा दिला, रंगाऱ्याला रेघा सोडून रंगवायला सांगितलं.

पुण्यातल्या एका सहकाऱ्यानं माझा सर्व्हर पाहून सुचवलं होतं, "आकडा कशाला देतोस? सरळ उत्तर दे. धोका: हो किंवा नाही. लोकांना तेवढंच हवं असतं." हुशार माणूस आहे, पण त्याचं घर कोथरूडच्या टेकडीवर. धोका कुणाला? कुठल्या गल्लीत? तळमजल्यावरच्याला की दुसऱ्या मजल्यावरच्याला? सर्व्हरनं हो-नाही म्हणायचं तर त्याला सांगलीतलं प्रत्येक घर माहीत हवं. ते त्याला माहीत नाही आणि माहीत असल्याचं त्यानं भासवू नये. म्हणून माझ्या प्रोग्राममध्ये धोका पातळी नावाची गोष्टच नाही. ४० नाही आणि ४५ पण नाही. सर्व्हर फक्त पातळी सांगतो. आत्याच्या मोबाईलमध्ये भाच्यानं करून दिलेलं एक चिमुकलं अॅप आहे, त्यात तिच्या पायरीचा आकडा भरलेला आहे. शेजारच्या घरात तेच अॅप आहे आणि आकडा तिच्याहून फूटभर जास्त, कारण त्यांनी जोतं उंच घेतलंय. तुलना त्या त्या घरात होते. इतकी वर्षं ती डोक्यात व्हायचीच.

सर्व्हर जितकं कमी जाणतो तितका तो जास्त घरांच्या उपयोगी पडतो, हे मला कुठल्याही कंपनीच्या बैठकीत पटवून देता आलं नसतं. तिथे जास्त जाणणाऱ्या प्रोग्रामला जास्त पैसे मिळतात.

एक गोष्ट मात्र सर्व्हरला पक्की कळायलाच हवी, ती म्हणजे वेळ. मुंबईतलं भाड्याचं यंत्र जागतिक वेळेवर चालतं. साताऱ्यातले सकाळचे सात त्याच्या लेखी मध्यरात्रीनंतरचा दीड. हे सुरुवातीलाच एशिया-कोलकाता अशा सेटिंगनं सांगावं लागतं. वरवर क्षुल्लक वाटतं. पण पुरात वेळ नसलेला आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट. "पाणी ४३ ला" असा निरोप फिरतो, कुणाचा, कधीचा, पत्ता नाही. तो सकाळचा असेल तर आत्ता ४५ झालं असेल, कालचा असेल तर ओसरायला लागलं असेल. जुन्या पुराचे व्हिडिओ नव्या पुरात फिरतात आणि माणसं सामान हलवतात, किंवा हलवत नाहीत. म्हणून माझा सर्व्हर वेळेशिवाय पातळी देत नाही, आणि शेवटची नोंद ठरावीक तासांपेक्षा जुनी झाली की पातळीही देत नाही. ५०३ हा क्रमांक पाठवतो, म्हणजे सध्या सेवा देता येत नाही. किती तास, हे बाहेरच्या सेटिंगमध्ये आहे. एरवी बारा, पाणी चढतं असेल तेव्हा दोन.

पट्टी बघणाऱ्या मित्राला हे आवडलं नव्हतं. "जुना का होईना, दे की. काहीतरी दिसू दे." पण काहीतरी दिसण्यानंच घात होतो. रिकामा पडदा बघून माणूस निदान उठून पुलाकडे जातो, नाहीतर शेजाऱ्याला विचारतो.

याच जातीचा एक बारकावा ओळीतच लपलेला आहे. युव्हिकॉर्नला वर्कर्स नावाचं एक सेटिंग देता येतं. चार लिहिलं तर एकाच दारामागे चार प्रती बसतात आणि येणारे प्रश्न वाटून घेतात. गर्दी असेल तर चांगलं. पण प्रत्येक प्रतीची स्मृती वेगळी. पातळीचा आकडा प्रोग्रामच्या स्मृतीत ठेवला तर मित्रानं भरलेला नवा आकडा एकीलाच कळतो; बाकीच्या तिघी जुनाच सांगत राहतात. एकदा विचारलं तर ४१, लगेच पुन्हा विचारलं तर ४२, परत ४१. आत्याला वाटेल नदी उड्या मारतेय. उपाय साधा आहे, आकडा चौघींच्या बाहेर, एका लहानशा डेटाबेसच्या फाइलीत ठेवायचा आणि प्रत्येकीनं तिथूनच वाचायचा. माझ्याकडे विचारणारी घरंच बेताची, मला एक वर्कर पुरतो. तरी फाइल बाहेर ठेवली आहे. विचारणारे वाढतात ते नेमके पाणी वाढतं तेव्हा.

मुंबईच्या यंत्राशी मी साताऱ्याहून एसएसएचनं जोडलेला असतो. नुसती ओळ टंकून सुरू केलेला सर्व्हर त्या खिडकीच्या जिवावर जगतो. खिडकी बंद झाली, जोडणी तुटली, की तोही बहुधा जातो. आणि साताऱ्यात नेट कधी तुटतं? धो धो पावसात. म्हणजे सांगलीला विचारायची सगळ्यात जास्त गरज ज्या रात्री, त्याच रात्री उत्तर देणारा गायब. म्हणून मोसमापुरता त्याला सिस्टमडी या देखरेख करणाऱ्या प्रोग्रामच्या स्वाधीन करतो. तीच ओळ एका छोट्या फाइलीत लिहून ठेवायची, पडलास तर पुन्हा उठ असं त्यात सांगायचं, आणि यंत्र चालू झाल्याबरोबर तूही चालू हो असं वेगळं सांगायचं. सुरू कर आणि सुरू होत जा, या दोन निराळ्या आज्ञा आहेत. पहिली आजच्यापुरती, दुसरी मी झोपलेलो असताना उपयोगी पडणारी. जूनच्या सुरुवातीला मी दुसरी देतो. पाऊस परतला की काढून घेतो, आणि भाड्याचं यंत्रही सोडून देतो. आठ महिने रिकामं बसवून पैसे कोण भरणार?

गेल्या पावसाळ्यापर्यंत मागण्या वाढत चालल्या. खालच्या अंगाच्या आलमट्टी धरणाचा विसर्ग हवा, तो दिला. वारणेचं पाणी हवं, कारण हरिपूरच्या संगमावर वारणा भरून आली की कृष्णेला पुढे सरकायला वाव राहत नाही, तेही दिलं. मग सगळ्यांना उद्याची पातळी हवी झाली. हिशेब मांडणारे आहेत. कोयनेतून इतके क्युसेक, कराडला इतकी पातळी, म्हणजे सांगलीला इतक्या तासांनी इतके फूट, असा अंदाज जुने लोक बोटांवर करतात आणि जलसंपदा विभाग शास्त्रानं करतो. मी करत नाही. माझ्या सर्व्हरला 'उद्या' विचारलं तर ४०४ येतं, म्हणजे असं काही इथे नाही.

आत्यानं विचारून बघितलं. मग फोन केला.

"काय रे, उद्याचं विचारलं तर चारशे चार म्हणतंय तुझं यंत्र. चारशे चार फूट?"

"नाही गं आत्या. उद्याचं त्याला माहीत नाही, असा अर्थ."

"मग तसं मराठीत सांगायला काय होतं त्याला?"

रास्त होतं. त्या रात्री मी सर्व्हर थांबवला, चुकलेल्या प्रश्नांच्या उत्तरात मराठी वाक्य घातलं, आणि पुन्हा सुरू केला. दुसऱ्या दिवशी तिनं परत उद्याचं विचारलं. "बघत होते," म्हणाली, "रात्रीत काही शिकलंय का."